हरकत असल्यास पंधरा दिवसांत

मी घरमालकांच्या माडीवर राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली. 'माडीवरील खोलीत नवीन भाडेकरू राहण्यास आल्या आहेत. कोणाची हरकत असल्यास आजपासून पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' खाली सही आणि तारीख. घरात माणसं दोनच, ते आणि मी. म्हणजे हरकत घ्यायची तर ती त्यांनीच घ्यायची आणि त्यांनीच निकाली काढायची. ते पंधरा दिवस ते मला जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. सोळाव्या दिवशी फळ्यावर त्याच टपोऱ्या अक्षरात 'हरकत प्राप्त नाही, नोंद मंजूर' असं उमटलं आणि संध्याकाळी मला खाली चहाला बोलावणं आलं. नोंद मंजूर नसलेल्या बाईशी बोलणार तरी काय, असा साधा हिशेब होता.

आमचे घरमालक निवृत्त तलाठी होते. महाडात आणि पोलादपूरच्या अर्ध्या तालुक्यात त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवायला गेले होते. घाटावरची, ज्वारीवर वाढलेली आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच चहाला मी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, मी स्वतःच माझ्या राहण्याला हरकत घेतली असती तर?" त्यांनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "तर सुनावणी ठेवली असती, मॅडम."

तलाठ्याच्या दप्तरात पुसणं हा प्रकार नसतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. जमिनीवर नवं नाव चढलं की जुनं खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नाव तिथेच राहतं, वाचताही येतं, फक्त त्याचा हक्क गेलेला असतो. या बदलाला फेरफार म्हणायचं. त्याला नंबर पडतो, चावडीवर नोटीस लागते, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर होतो. भाऊसाहेबांनी छत्तीस वर्षं हे केलं आणि निवृत्त झाल्यावर दप्तर सोडलं, पण पद्धत घरी घेऊन आले. वाण्याच्या यादीत साखर कंसात आणि वर गूळ, बाजूला फेरफार क्रमांक बारा. दुधात पाणी आलं तर दूधवाल्याच्या हातात चिठ्ठी: 'कालचे दूध वस्तुस्थितीशी विसंगत होते.' खोटं, लबाडी, फसवणूक हे शब्द त्यांच्या कागदावर येत नसत. "छत्तीस वर्षांत कागदावर 'खोटं' लिहिलं नाही," हे ते अभिमानाने सांगायचे. "लिहिलं की समोरचा वकील उभा करतो. 'वस्तुस्थितीशी विसंगत' लिहिलं की घरी जातो."

असा माणूस संगणकावर खेळ खेळतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मुंबईच्या मुलाने आपला जुना संगणक त्यांना पाठवून दिला होता आणि नातवाचा एक खेळ त्यात तसाच राहून गेला होता. ठोकळ्याठोकळ्यांचं जग. जमीन खणायची, झाडं तोडायची, घरं बांधायची, शेती करायची. संगणक खालच्या खोलीत टेबलावर आणि टेबल चार-चार विटांवर, कारण महाडात पुराच्या भीतीने तळमजल्यावर किमती वस्तू कुणी जमिनीलगत ठेवत नाही. त्यामुळे भाऊसाहेबांना उंच स्टुलावर बसावं लागे आणि त्यांचे पाय अधांतरी लोंबत. त्या अवस्थेत त्यांनी मला तो खेळ पहिल्यांदा दाखवला. चेहऱ्यावर असा आनंद की घरचं बोलणंच तोंडात आलं. "मॅडम, हे बघा. डोंगर हाय, नदी हाय, रान हाय. आणि एका पण गटाला मालक नाय!"

बाकीची दुनिया त्या खेळात राक्षस मारते. यांनी आधी जमीन मोजली. हद्दीला दगड रोवले, गटांना नंबर दिले, नदीकाठची जमीन पूररेषेत धरून सोडून दिली. मग उरलेल्या जागेत शेती करायला बसले, आणि तिथे त्यांची खरी कथा सुरू होते.

खेळ आहे तसा खेळायला कुणाला आवडत नाही. लोक त्याला आपल्या मनाची भर घालतात, तिला मॉड म्हणतात. भाऊसाहेब 'मोड' म्हणायचे. "कडधान्याला येतो तो नाय तर हाडाला येतो तो. कुठचा आला ते वापरल्यावर कळतं." त्यांनी दोन मोड घेतले होते. एक सोलापूरकडच्या एका मुलाने केलेला, त्यात ज्वारी, बाजरी, तूर. दुसरा मालवणकडच्या एका मुलीचा, त्यात तांदूळ, नाचणी, वरी. खेळात प्रत्येक वस्तूची पाककृती असते. अमुक अधिक तमुक ठेवलं की ढमुक तयार. या दोन्ही मोडांत भाकरी होती आणि दोघींचं नाव नुसतं 'भाकरी'. आता खेळाचा कायदा असा की एकाच नावाच्या दोन पाककृती आल्या तर जी शेवटी वाचली जाते ती चालते, आधीची गप्प बसते. म्हणून कधी नाचणीची भाकरी व्हायची आणि ज्वारीचं पीठ नुसतं पोत्यात राहायचं, तर कधी उलटं.

दुसरा कुणी असता तर एक मोड काढून टाकून मोकळा झाला असता. भाऊसाहेबांना ती दुबार नोंद वाटली आणि दुबार नोंद पाहिली की त्यांना जेवण जात नसे. त्यांनी त्या दोघांनाही पत्रं लिहिली. 'आपल्या भाकरीची दुसऱ्या भाकरीशी सोयरीक करण्याचे योजिले आहे. दोन्ही पाककृती कायम ठेवून वर एक फेरफार घेत आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' मालवणच्या मुलीने 'चालेल काका' कळवलं. सोलापूरच्या मुलाकडून नुसती हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन पिवळी तोंडं आली. ती मला दाखवून भाऊसाहेब म्हणाले, "हा माणूस रडतोय. ही हरकत धरायची का?"

मी संगणक शिकवत होते, त्यांना मदत करू म्हणून बसले. पण मला त्यांनी इंग्रजी शब्दांच्या अर्थापलीकडे काही विचारलं नाही. एका बोटाने टंकत, शेजारी वही ठेवून ते फाइल लिहायचे आणि प्रत्येक बदलाला नंबर, तारीख आणि शेरा. फाइल कशासाठी, तर आधीच्या दोन्ही पाककृतींच्या वर बसून सांगण्यासाठी की भाकरीला कुठलंही पीठ चालेल, यादीत त्याचं नाव असलं म्हणजे झालं. काम चोख होतं. त्यांनी ते 'फेरफार' या नावाने इतरांसाठी खुलं केलं आणि लोक वापरायला लागले. मग कुणी सांगितलं की एकाचा बैल दुसऱ्याच्या नांगराला चालत नाही. कुणाच्या जात्यात दुसऱ्याचा तांदूळ दळला जात नव्हता. भाऊसाहेब एकेक सोयरीक जुळवत गेले. माझी मुलं वर्गात त्यांच्याविषयी 'फेरफारवाले काका' म्हणून बोलायची आणि ते माझे घरमालक आहेत हे कळल्यावर माझी किंमत वाढली.

फेरफारावरून त्यांची एक म्हण झाली होती. "शेवटी बोलतो त्याचं चालतं. म्हणून शेवटी बोलणाऱ्यानं कमी बोलावं." ती मी वर्गात फळ्यावर लिहिली होती. आजही लिहिते.

मग एके दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर संगणकावर धोतराचं जुनं पान टाकलेलं. भाऊसाहेब ओट्यावर बसलेले, हातात कागद. सोलापूरकडच्याच कुणा खेळणाऱ्याचं पत्र त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. 'काका, तुमचा फेरफार टाकल्यापासून आमच्याकडे ज्वारीची भाकरीच होत नाही. बाजरीची पण नाही. पीठ नुसतं पडून आहे.'

मी फाइल उघडली आणि मला दोन मिनिटांत चूक दिसली. यादीच्या डोक्यावर एक इंग्रजी ओळ असते. तिचा अर्थ, आधीची यादी पुसून टाकायची का? पुढे खरं किंवा खोटं यांपैकी एक लिहायचं. खोटं लिहिलं की आधीची नावं राहतात आणि आपली त्यांच्यात मिळतात. खरं लिहिलं की आधीची सगळी जातात आणि फक्त आपली उरतात. भाऊसाहेबांनी सगळ्या फाइलींत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'खरं' लिहिलं होतं. भाकरीच्या यादीत त्यांनी नावं घातली होती तांदूळ, नाचणी आणि वरी. ज्वारी-बाजरी सोलापूरच्या यादीत आहेतच, त्या राहतीलच, असं धरून. आणि तपासायला ते पेरायचे काय, तर नाचणी. ज्वारी पेरून पाहावी हे पोलादपूरच्या डोंगरात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात कुठून येणार?

"पण 'खरं' का लिहिलंत?" मी विचारलं.

"प्रत्येक कागदाच्या शेवटी असतं की, मॅडम. वरील मजकूर खरा आहे. मला वाटलं प्रमाणित करायला सांगतायत. आणि 'खोटं' मी कसं लिहिणार?"

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अहो, एक शब्द बदला की झालं. एवढं काय मनाला लावून घेता?"

भाऊसाहेब माझ्यावर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. "ज्याची भाकरी बंद झाली त्याच्यासमोर एक शब्द म्हणू नका. मी पुसलं मॅडम. मी आयुष्यात कुणाचं नाव पुसलं नाय म्हणून सांगत फिरतो, आणि पुसलं. वर लिहिलं की हे खरं हाय."

हे काही ज्वारीबद्दल चाललेलं नाही एवढं मला कळत होतं. तीन दिवसांनी त्यांनी स्वतःच सांगितलं.

त्यांना एक धाकटी बहीण. कुडपणला दिलेली. म्हणजे गावातल्या गावात, कारण भाऊसाहेबांचं मूळ घरही तिथलंच. वडील गेले तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला त्यांची थोडी डोंगराळ जमीन होती, नाचणी-वरी पिकणारी. वारस दोन, भाऊ आणि बहीण. भाऊसाहेबांना तेव्हा तलाठी होऊन दहा-बारा वर्षं झालेली. एवढ्याशा तुकड्याला दोन नावं कशाला, नोंद सुटसुटीत असावी, म्हणून त्यांनी बहिणीचं हक्कसोडपत्र करायचं ठरवलं. कागद स्वतः लिहिला. ती तयार नव्हती. मला तेवढा वरचा पट्टा राहू दे म्हणाली, मी पेरीन. तेव्हा हे म्हणाले, सही करत नसशील तर माहेरची वाट विसर. तिने सही केली. तिच्या नावाला कंस झाला आणि त्या दिवसापासून तीच माहेरची वाट विसरली. तीस वर्षं झाली. जमिनीवर भाऊसाहेबांचं एकट्याचं नाव आहे आणि पिकाच्या रकान्यात दरवर्षी एकच शब्द येतो, 'पड'. तिच्या अंगणातून ती पडीक जमीन रोज दिसते.

"कागदात काय लिहिलंवतं माहिताय?" भाऊसाहेब म्हणाले. "राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता. माझंच अक्षर."

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला. चहा पिऊन झाला होता, मी उठून वर निघून गेले. मलाही एक भाऊ आहे आणि मीही एका कागदावर सही केलेली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्याच्या तळाशी उभे. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. "मॅडम, रविवारी कुडपणला जायचंय. ती जमीन तिला द्यायची. मुलाला फोन केला, त्याची हरकत नाय. तुम्ही पंच म्हणून चला."

"पंच कशाला? सख्ख्या बहिणीकडे जायला?"

"एकट्याला दारातून परत लावेल," ते म्हणाले. "बाहेरच्या बाईला लावणार नाय."

पोलादपूरच्या स्टँडवरून वर जीप जाते. वळणावळणाचा रस्ता संपेपर्यंत भाऊसाहेब नुसते डाव्या बाजूच्या गटांचे नंबर पुटपुटत होते. बहीण अंगणात नाचणी पाखडत होती. साठी उलटलेली, काटक, भावासारखंच रुंद कपाळ. माझ्याकडे बघून हसली, बसायला पाट दिला, पाणी आणलं. भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. भाऊसाहेब उन्हात उभे.

त्यांनी सगळं सांगितलं. पाठ करून आल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाले, "गो बाय, पोलादपूरला ये एक दिवस. तुझ्या नावानं बक्षीसपत्र करून देतो."

तिने सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "बाई, तुमच्या भाऊसाहेबांना इचारा, बक्षीस कसलं? मी कुठं शर्यत जिकली?"

"कागदाचं नाव तसं असतं गो."

"त्यांना सांगा, जमीन मागायला मी त्यांच्या दारात गेले नव्हते. त्यांना इचारा, त्या कागदात काय लिवलंवतं. म्हणून दाखवा म्हणावं."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. मग ते खाली बघत म्हणाले, "राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता."

"इचारा त्यांना, मी तवा काय करत व्हते."

मग भाऊसाहेब म्हणाले, "रडत होतीस."

"मंग?" आता ती थेट त्यांच्याशी बोलली. तीस वर्षांत पहिल्यांदा. "मी पायरीवर बसून रडत व्हते आन तू राजीखुशी लिवत व्हतास. सगळ्या गावाला वाटतंय मी हसत हसत दिलं. मला माती नको. तो शब्द काढ, मंग बोल." आणि सूप उचलून आत गेली.

उतरताना भाऊसाहेब अगदी हरलेले. मी म्हटलं, काढू या की तो शब्द. त्यावर त्यांनी मला कायदा समजावला. जुना दस्त नोंदलेला आहे, त्यातलं अक्षर कुणालाही काढता येत नाही. छत्तीस वर्षांत शिकलेला प्रत्येक नमुना, प्रत्येक रकाना त्यांनी जीपमध्ये मोजून पाहिला. झालेलं चुकीचं होतं असं म्हणायला त्यात कुठेच जागा नव्हती.

तेव्हा मी त्यांच्यावर त्यांचीच म्हण उलटवली. "भाऊसाहेब, शेवटी बोलतो त्याचं चालतं ना? मग जुनं राहू दे तिथेच. त्याच्या वर लिहा."

भाऊसाहेबांनी पिशवीतून वही काढली आणि हलत्या जीपमध्ये लिहायला लागले.

पोलादपूरला कचेरीबाहेर दस्त टंकून देणारा बसतो, भाऊसाहेबांच्या चांगल्या ओळखीचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला मजकूर सांगायला सुरुवात केली. सदर जमीन वडिलोपार्जित, तीत माझ्या बहिणीचा निम्मा हक्क होता. तो मी तिला माहेर बंद करण्याची धमकी देऊन सोडायला लावला. त्या वेळच्या हक्कसोडपत्रात मी स्वतः 'राजीखुशीने' असे लिहिले आहे, ते... इथे ते अडले. टंकणाऱ्याला त्यांची भाषा पाठ होती. तो न विचारताच टंकायला लागला, "ते वस्तुस्थितीशी विसंगत आहे."

"नाय," भाऊसाहेब म्हणाले. "खोटं लिही."

"भाऊसाहेब, दस्तात असं लिहीत नाहीत."

"तू लिही. ते खोटं आहे."

त्याने लिहिलं. भाऊसाहेबांनी कागद हातात घेतला, तो शब्द दोनदा वाचला आणि घाम पुसला. मला त्यांचा त्या दिवशीइतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही. रागही गेला.

बहीण आली, कारण तिला मी जाऊन सांगितलं होतं की कागद आधी वाचून दाखवू, मग हवं तर परत जा. कचेरीसमोरच्या बाकावर बसून मी वाचला. ती चौथीपर्यंत शिकलेली, वाचता येत होतं, पण म्हणाली तूच वाच, मोठ्यानं वाच. मोठ्याने वाचला. बाकावरचे बाकीचे लोकही ऐकायला लागले. ती म्हणाली, "ते शेवटचं परत वाच." मी परत वाचलं. मग ती भावाकडे वळली.

"दादा, हे कुणाला पुसता येतं का?"

"नाय. कंस झाला तरी वाचता येतं."

"मंग आन पेन," ती म्हणाली, आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली.

त्यानंतरची नोटीस कुडपणच्या चावडीवर लागली, पंधरा दिवस गेले, कुणाची हरकत आली नाही. नव्या उताऱ्यावर बहिणीचं नाव होतं आणि भाऊसाहेबांचं कंसात. तो उतारा ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "हे बघा," म्हणायचे, "मी कंसात."

फाइली त्यांनी त्याच आठवड्यात दुरुस्त केल्या. चाळीसेक होत्या. प्रत्येकीत जाऊन एका बोटाने 'खोटं' लिहिलं आणि सोलापूरच्या माणसाला दिलगिरीचं पत्र पाठवलं. त्याने भाकऱ्यांच्या चळतीचं चित्र पाठवलं. मी त्या दिवशी वर ज्वारीची भाकरी केली आणि खाली नेऊन दिली. त्यांनी खाल्ली आणि कोरडी लागते म्हणून सांगितलं.

बहीण महाडला यायला लागली. पहिल्यांदा आली तेव्हा वरच्या पट्ट्यातली नाचणी घेऊन आली, पायली भरून. भाऊसाहेबांनी तिला स्टुलावर चढवून खेळ दाखवला. नाचणीचं पीठ ठेवलं, पाण्याची बादली ठेवली, भाकरी तयार झाली. बहिणीने भुवया उंचावल्या.

"थंड पाण्यात?"

"अगो, खेळ हाय तो."

"खेळ असला म्हणून काय झालं? नाचणीला उकळतं पाणी लागतं. थंड पाण्यात भाकरी फुटंल."

भाऊसाहेबांनी तिला हरकत लेखी द्यायला सांगितली. तिने दिली. फळ्यावर सुनावणीची तारीख लागली, सुनावणी झाली, मी कारकून होते. त्यांच्या शेवटच्या फाइलीत तो शेरा अजून आहे: 'हरकतदार बहीण, मु. कुडपण. हरकत मान्य.' त्यामुळे आज सोलापुरापासून मालवणापर्यंत जो कोणी तो फेरफार वापरतो, त्याला नाचणीच्या भाकरीसाठी आधी चूल पेटवून पाणी तापवावं लागतं. पुष्कळजण कुरकुरतात. पण पंधरा दिवसांत कुणी लेखी कळवत नाही.

दोन वर्षांनी संस्थेने माझी बदली साताऱ्याला केली. मी भाऊसाहेबांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नोटीस होती. 'माडीवरील भाडेकरू बदलीमुळे जात आहेत. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' मी मनात म्हटलं, घरात आपण दोघंच, हरकत कोण घेणार?

सामान बांधून खाली उतरले तो पंधरावा दिवस होता. फळ्यावर भाऊसाहेबांच्या हातचा निकाल लिहिलेला होता: 'हरकत योग्य व मान्य. तथापि बदली वरून असल्याने नाइलाज. भाडेकरूचे नाव कंसात ठेवावे.' आणि नोटिशीच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, एकेक अक्षर कोरून लिहिलेली ती हरकत होती. बहीण आदल्या दिवशी येऊन गेली होती.

'मी राजी नाय. खुशी पण नाय.'